न तुटणारं मटेरियल गोष्टीत आणायचंय? आधी भोक कशानं पाडलं ते सांगा

मागच्या उन्हाळ्यात मी पहिलीच सायन्स फिक्शन कथा लिहिली आणि उत्साहाच्या भरात मामाला वाचून दाखवली. मामा म्हणजे सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत ३१ वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस, त्याला कथाबिथा काही पडलेली नाही, समोर भडंगाची प्लेट होती म्हणून बसला. कथेत एक तिजोरी होती, तिचं दार 'अभेद्यम' नावाच्या धातूचं, जगातल्या कुठल्याच हत्यारानं ओरखडासुद्धा न उठणारं, आणि मी ते दार कसं हळूच बिजागरीवर फिरलं वगैरे झकास वर्णन केलेलं. मामानं सगळं ऐकून घेतलं, मूठभर भडंग तोंडात टाकलं आणि म्हणाला, "आरं पण ओरखडाच उठत न्हाई म्हणतोस, मग बिजागरीला भोक कशानं पाडलं?"

मी गप्प. खरंच कशानं पाडलं?

त्यानंतर सहा महिने मी याच भोकाच्या मागे लागलोय. पुस्तकं वाचली, मामाचं डोकं खाल्लं, कथा चार वेळा फाडली, आणि त्यातून जे हाताला लागलं ते इथं लिहितोय म्हणजे पुढच्याला तरी त्याच्या मामासमोर गप्प बसावं लागणार नाही. तुम्हाला तुमच्या गोष्टीत न फुटणारा, न वितळणारा, न झिजणारा पदार्थ आणायचा असेल तर हे एकदा वाचून घ्या, मग काय ते लिहा.

पहिलं काम म्हणजे 'न तुटणारं' म्हणजे नेमकं काय ते ठरवा, कारण आपण चार वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. कठीणपणा वेगळा, चिवटपणा वेगळा, ताठपणा वेगळा, आणि उष्णता सोसणं ते अजून वेगळं. आपल्याकडं 'विषय हार्ड' म्हटलं की संपलं, पण हार्ड असणं म्हणजे फक्त ओरखडा न उठणं, बाकी काही नाही. वर्कशॉपमधली कानस घ्या, लोखंड खरवडते एवढी कठीण, पण दगडी फरशीवर जोरात आपटली की तिचे दोन तुकडे. तेच ऊसतोडीचा कोयता, गाडीच्या जुन्या पाट्यापासून लोहारानं बनवलेला, कानशीनं सहज घासला जातो पण आपटा, वाकवा, काहीही करा, तुटायचं नाव घेत नाही. कानस कठीण आहे, कोयता चिवट आहे. गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर यातला फरक ज्याला कळतो त्याला हे कळायला अवघड नाही.

हिऱ्याला तर आपण फारच डोक्यावर घेतलंय. तुकोबांच्या अभंगात ऐरणीवर ठेवून घण मारला तरी टिकतो तो खरा हिरा, आणि तिथं सांगायचं आहे माणसाबद्दल म्हणून ते बरोबरच आहे, पण कुणी खरंच घरातला हिरा ऐरणीवर ठेवू नका. कठीणपणा मोजायच्या मोहस नावाच्या मोजपट्टीवर हिरा १० म्हणजे सगळ्यात वर, ओरखडा उठत नाही हे खरं, पण त्याच्या स्फटिकात ठराविक दिशेची प्रतलं असतात आणि त्या दिशेनं दणका बसला की तो चिरतो. हिऱ्याला पैलू पाडणारे हेच तर वापरतात. शिवाय हिरा म्हणजे शेवटी कार्बन, हवेत ८००-९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवला तर जळून कार्बन डायऑक्साइड होतो, मागं राखसुद्धा राहत नाही. तेव्हा 'हिऱ्याहून कठीण' एवढं लिहून सुटका नाही. गोष्टीत तुमच्या पदार्थावर घण पडणार आहे, आग लागणार आहे, का कुणी कापायला बघणार आहे, ते आधी ठरवा आणि तेवढ्यापुरतंच त्याला बळ द्या.

याच्या उलट एक भारी नमुना आहे, प्रिन्स रूपर्टचा थेंब म्हणतात त्याला. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडला की लांब शेपटीचा गोळा तयार होतो. गोळ्यावर हातोडी मारा, फुटत नाही, आणि शेपटीचं टोक नुसतं चिमटीत मोडलं की सगळ्याची भुकटी होते, एका क्षणात. कारण बाहेरची काच आधी थिजते, आतली नंतर आकसते, त्यामुळं बाहेरचा थर कायम दाबाखाली आणि आतला ताणाखाली राहतो, तो तोल एका ठिकाणी मोडला की संपलं. हे खरं आहे, कल्पना नाही, आणि गोष्ट लिहिणाऱ्याला याहून चांगला फुकटचा माल मिळायचा नाही.

आता दुसरं, खऱ्या पदार्थाला मर्यादा कुठं आहे ते माहीत पाहिजे, म्हणजे कुठून पुढं थाप मारायची ते कळतं. कुठलाही पदार्थ टिकतो तो अणूंमधल्या बंधांवर, आणि ते बंध इलेक्ट्रॉन्सचे असतात, त्यांच्या ताकदीला वरची हद्द आहे. आजवर माप घेतलेल्या पदार्थांत ग्रॅफीन त्या हद्दीच्या जवळ पोचलेलं, २००४ मध्ये मँचेस्टरला चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचे पापुद्रे काढत काढत वेगळं केलं आणि २०१० चं नोबेल त्यावर मिळालं. ताण सोसायची त्याची ताकद साधारण १३० गिगापास्कल, म्हणजे बांधकामाच्या साध्या स्टीलच्या दोनशे-तीनशे पट. पण तो एका अणूच्या जाडीचा कागद आहे, आणि जरा कुठं दोष असला की ताकद घसरते. म्हणजे अणूंचाच पदार्थ म्हणाल तर स्टीलच्या काहीशे पटीपुढं जाऊ नका, कुणीतरी शहाणा वाचक पकडणारच.

त्यापुढं जायचं तर अणू सोडायला लागतात. एक वाट म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यातला माल, इंग्रजी कथांमध्ये त्याला न्यूट्रोनियम म्हणतात. एक चमचा घेतला तर कोट्यवधी टन. लोक बिनधास्त त्याची जहाजं बनवतात पण दोन भानगडी विसरतात. एक, ते वजन उचलणार कोण, जमिनीवर ठेवलं तर लोण्यात सुरी जावी तसं पृथ्वीत जाईल. आणि दुसरी म्हणजे ते ताऱ्याच्या प्रचंड गुरुत्वामुळंच दाबून बसलेलं असतं, बाहेर काढलं की उसळून फुटणार, आणि सुटा न्यूट्रॉन तर सरासरी पंधराएक मिनिटांत विघटित होतो. चहा गार व्हायच्या आत तुमचं कवच गायब. दुसरी वाट म्हणजे पदार्थ साधाच, पण कुठल्यातरी क्षेत्रानं त्याचे बंध धरून ठेवलेत, बटण बंद केलं की साधं लोखंड. मला ही वाट आवडते कारण बटण म्हटलं की बटणावर कुणाचं बोट आहे हा प्रश्न आपोआप येतो आणि गोष्ट तिथंच सुरू होते. तिसरी वाट, कारणच सांगायचं नाही, परग्रहावरून पडलं म्हणायचं. चालतं, पण एकदाच.

ताठपणाबद्दल एक सांगायलाच पाहिजे कारण इथं भले भले चुकतात. 'जरासुद्धा न वाकणारा, न दबणारा' असं लिहिलंत की तुम्ही आइनस्टाइनशी पंगा घेतला. समजा साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत सरळ रेषेत एकच सळई टाकली, साधारण ११० किलोमीटर. साताऱ्यातनं धक्का दिला तर सांगलीचं टोक लगेच हलेल असं वाटतं ना? नाही हलत. धक्का म्हणजे दाबाची लाट, ती त्या पदार्थातल्या आवाजाच्या वेगानं जाते, स्टीलमध्ये सेकंदाला साधारण ५ किलोमीटर, म्हणजे पुलावरच्या माणसाला कळायला वीसेक सेकंद लागणार. हिऱ्याची सळई असेल तर वेग १८ च्या आसपास, सहा सेकंद. आता जर सळई अजिबातच दबत नसेल तर धक्का त्याच क्षणी पोचला पाहिजे, म्हणजे प्रकाशापेक्षा जलद, जे आइनस्टाइन चालू देत नाही, आणि मग साताऱ्यातला माणूस सळई ठोकून ठोकून मंगळावर निरोप पाठवू शकतो. गोष्ट त्याचीच करायची असेल तर करा, मस्त होईल, पण नकळत करू नका.

बरं, आता मामाचा प्रश्न. भोक.

न तुटणाऱ्या पदार्थाला आकार कसा दिला, हे तुम्हाला कथेत लिहायचं नसलं तरी स्वतःला माहीत पाहिजे, कारण वाचक मनात तेच विचारत असतो. माझ्या हिशोबानं उत्तरं चार-पाचच आहेत. सगळ्यात सोपं, आधी मऊ मग कठीण. याचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे जांभा दगड. कासचं पठार, पाचगणीचं टेबल लँड, वरचा थर जांभ्याचा. खाणीतून ताजा काढलेला जांभा ओला असताना सहज तासता येतो, चिरे पाडता येतात, मग हवा-ऊन लागून वाळला की घट्ट होतो आणि तीच घरं पिढ्यानपिढ्या उभी राहतात. अमेरिकन कॉमिक्समधलं १९६९ पासूनचं ॲडमँटियम बघा, तिथंही युक्ती हीच, गरम असताना थोडी मिनिटं आकार देता येतो आणि एकदा बसलं की बसलं, परत नाही. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या न तुटणाऱ्या धातूला आणि आमच्या कासच्या दगडाला एकच अक्कल.

पण ही युक्ती घेतलीत की तिचं पुढचं पण घ्यावं लागतं, आणि खरी मजा तिथंच आहे, मी तर म्हणतो या एका परिच्छेदासाठी बाकीचं विसरलात तरी चालेल. ओतकामात चूक झाली तर? साधा जॉब बिघडला की मामा तो परत लेथवर चढवतो, नाहीतर वेल्डिंगनं भरून परत कातकाम करतो, अगदीच गेला तर भंगारात टाकतो आणि भंगार भट्टीत वितळून परत जन्माला येतं. न तुटणाऱ्या मालाला हा पुनर्जन्मच नाही. २ मिलिमीटरनं चुकलेलं भोक कायमचं २ मिलिमीटरनं चुकलेलं. भंगारवाला दारात येऊन बघून जाणार, तराजूला हात पण लावणार नाही. असे चुकलेले तुकडे जगात साठत जाणार, हजार वर्षं, पाच हजार वर्षं, कुणाच्या शेतात, कुणाच्या विहिरीत. कारखान्यात सगळ्यात जास्त पगार ओतणाऱ्याला नाही, माप घेणाऱ्याला मिळणार. आणि साचा नीट तपासून सही करणारा माणूस तर देवच. हे सगळं एका भोकातून निघालं बघा.

दुसरं उत्तर, त्याच पदार्थानं तो पदार्थ कापायचा. हिऱ्याला हिऱ्याचीच भुकटी लागते, आणि ते जमतं कारण हिऱ्याचा कठीणपणा सगळ्या दिशांना सारखा नसतो, भुकटीतल्या काही कणांची कठीण बाजू समोरच्याच्या मऊ बाजूवर घासली जाते. तिसरं उत्तर बटणाचं, ते वर आलंच. चौथं, आपण बनवलंच नाही, मिळालं तसंच वापरतोय, म्हणजे भोक असलेल्या तुकड्याला सोन्याचा भाव आणि बिनभोकाच्या तुकड्याला लोक नुसतं दोरीनं बांधतायत. हे मला फार आवडतं, पण अजून कुठं वापरायला जमलं नाही.

यातलं काहीच नको असेल तर आपल्या पुराणांकडं जा, तिथं हिशोब चोख आहे. इंद्राचं वज्र दधीची ऋषींच्या हाडांचं, म्हणजे न तुटणाऱ्या हत्याराची किंमत एक माणूस, आणि तीही आधी मोजलेली. हिरण्यकशिपूचा वर बघा, घरात नाही बाहेर नाही, दिवसा नाही रात्री नाही, माणूस नाही जनावर नाही, आणि सगळी कथा त्या अटींच्या फटीत उंबऱ्यावर संध्याकाळी घडते. असली फट आधी ठरवून मग पदार्थ बनवा, उलटं केलंत तर शेवटी नायकाच्या हातात काहीतरी जादूचं द्यावं लागतं आणि वाचक शिव्या घालतो.

फटीवरून आठवलं. पदार्थ तुटत नाही म्हणजे आतला माणूस वाचला असं नाही हो! हे इतक्या ठिकाणी चुकलेलं असतं की वैताग येतो. स्टीलच्या डब्यात अंडी भरा, घट्ट झाकण लावा आणि तिसऱ्या मजल्यावरून टाका. डबा जेमतेम चेपेल, आत ऑम्लेट. दणका डब्यानं सोसला नाही, पुढं दिला. हेल्मेट उलटं करतं, आतला थर्मोकोलसारखा थर स्वतः चुरा होऊन थांबण्याचा वेळ वाढवतो म्हणून डोकं वाचतं, हेल्मेटच्या तुटण्यातच त्याचं काम आहे. म्हणजे न तुटणारं चिलखत घालून नायक कड्यावरून पडला तर चिलखत नवंकोरं आणि आत अंडी. त्याला काहीतरी गादी द्या, नाहीतर पडू देऊ नका. तीच गत उष्णतेची, डबा वितळत नाही पण आतलं शिजतं.

लॅरी निव्हेन नावाच्या अमेरिकन लेखकानं १९६६ मध्ये हे फार सुंदर वापरलंय. त्याच्या यानाचं कवच असं की दिसणारा प्रकाश सोडून काहीच आत जात नाही, आणि तरी न्यूट्रॉन ताऱ्याजवळून गेलेल्या यानात माणसं मेलेली सापडतात, कवच जसंच्या तसं. काय आत गेलं असेल? गुरुत्वाकर्षण. ताऱ्याजवळच्या टोकाला जास्त ओढ, लांबच्या टोकाला कमी, भरती-ओहोटीचाच प्रकार, त्या फरकानं आतल्यांचं काम तमाम. कवचाला हात न लावता. आणि १९६७ मध्ये अमेरिकन टीव्हीवर एका स्टार ट्रेकच्या भागात न्यूट्रोनियमच्या कवचाचं ग्रह खाणारं यंत्र आलं, ते कसं थांबवलं तर तोंडातून आत अख्खं जहाज घुसवून आतच स्फोट केला, कवच फुटलंच नाही. म्हणजे पदार्थाला हरवायचं नसतं, त्याला वळसा घालायचा असतो.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, ११ तारखेच्या पहाटे, आपल्याकडं कोयनेचा भूकंप झाला. आमच्या आजीच्या पिढीतल्या सगळ्यांना ती पहाट पाठ आहे. कोयना धरण १०३ मीटर उंच, फुटलं नाही, पण त्याला तडे गेले आणि ते कुठंही नाही गेले, जिथं खालच्या बाजूचा उतार बदलतो, भिंत वर अचानक बारीक होते, नेमक्या त्या पातळीच्या आसपास गेले. नंतर धरण मजबूत केलं. यातनं आपल्या कामाचं काय, तर ताकद नुसत्या मालात नसते, आकारात असते, आणि ताण कोपऱ्यात, बदलत्या जाडीत, जोडात जाऊन बसतो. तुमचा पदार्थ कधीच तुटणार नसेल तर त्याच्या शेजारचं तुटेल. दार टिकेल, चौकट उखडेल. चौकट पण त्याचीच केली तर भिंत जाईल, भिंत केली तर पाया, आणि पायाखाली आमचा काळा बेसॉल्ट आहे तो तरी किती सोसणार. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं तेव्हा सांगलीत ज्यांनी घरं आवरली त्यांना विचारा, कपाट मजबूत होतं की नाही हा प्रश्नच नव्हता, कपाट तरंगत गेलं.

अजून एक बघायचं म्हणजे असला पदार्थ आला की पोट कुणाचं मारलं जातं. लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करांची किर्लोस्करवाडी आमच्याच सांगली जिल्ह्यातली, १९१० मध्ये उभी राहिली. हा नांगर सुरुवातीला शेतकऱ्यांना नको होता, लोखंडानं जमीन नासते अशी समजूत होती. म्हणजे नवा माल चांगला असला तरी लोक लगेच उचलत नाहीत, ही भीती गोष्टीत येऊ द्या. आता न झिजणारा फाळ काढला समजा. शेतकरी खूष, एकदा घेतला की नातवापर्यंत. लोहार उपाशी, फाळ पाजवायला कुणी येईना. आणि कंपनी? तिला दुसरा फाळ विकताच येत नाही, तिचंच दिवाळं. मला वाटतं असा फाळ कुणीतरी कधीच शोधून काढला असेल आणि कपाटात बंद करून ठेवला असेल, अशी एक कथा होऊ शकते, ज्याला लिहायची त्यानं लिहा, मी कॉपीराइट मागणार नाही.

आता नाव. इथं मी सगळ्यात जास्त माती खाल्ली, म्हणून जरा लांबवतो.

'अभेद्यम' हे नाव मी दहा मिनिटांत काढलं होतं आणि ते तसंच वाटत होतं, संस्कृत शब्द घे, मागं 'म' लाव, झाला धातू. इंग्रजीत 'इयम' लावतात कारण टायटॅनियम, युरेनियम अशी मूलद्रव्यांची रांगच आहे, तिथं ते कानाला खरं वाटतं. तिकडं तर इंजिनियर लोकांनी १९५० च्या दशकापासून एक टिंगलीचा शब्दच केलाय, अनऑब्टेनियम, म्हणजे जे कामाला अगदी फिट आहे पण मिळतच नाही असं मटेरियल, पुढं तो शब्द सिनेमातही जाऊन बसला. ॲडमँटियमचं मूळ ग्रीक अदमास, नेहमी सांगितला जाणारा अर्थ 'ज्याला काबूत आणता येत नाही तो', त्यातूनच इंग्रजीतला डायमंड आला. आणि गंमत बघा, त्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा संस्कृत भाऊ म्हणजे 'दम्', ज्यातून आपलं दमन आणि अदम्य आलं. म्हणजे अदम्य शब्द आपल्या घरात पडून होता आणि आपण तिकडून ॲडमँटियम आणायला चाललो होतो.

वज्र मात्र शक्यतो टाळा, वापरून वापरून गुळगुळीत झालाय, टूथपेस्टपासून तोफेपर्यंत सगळ्यांना तेच नाव. पण वज्रलेप वेगळा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्याची चक्क कृती आहे, टेंभुर्णीची आणि कवठाची कच्ची फळं, सावरीची फुलं वगैरे पाण्यात उकळून आटवून बाकीच्या वस्तू घालायच्या आणि गरम असतानाच देवळाला, मूर्तीला, भिंतीला लावायचा, टिकेल किती तर सहस्र गुणिले अयुत (दहा हजार) वर्षं, म्हणजे एक कोटी. सहाव्या शतकातला माणूस एक कोटी वर्षांची गॅरंटी देतोय आणि आमच्या घराच्या छताचं वॉटरप्रूफिंग दोन पावसाळे काढत नाही.

नाव ठेवताना माझी कसोटी अशी. आधी लिंग ठरवा. लोखंड ते, पोलाद ते, तांबं ते, सोनं ते, बीड ते, पण चांदी ती. म्हणजे धातू बहुतेक नपुंसकलिंगी, तुमचा पुल्लिंगी केलात तर कानाला टोचेल, ते मुद्दाम हवं असेल तर करा. मग त्याचं सामान्यरूप करून बघा. पोलाद, पोलादाचा. बीड, बिडाचा तवा. तांबं, तांब्याचा हंडा. शब्द मराठीत मुरला की वाकतो, बदलतो, आणि तुमचा पदार्थ तुटत नसला तरी त्याचं नाव मात्र वाकलं पाहिजे. 'अभेद्यमच्या' वाकत नाही, उपऱ्यासारखं उभं राहतं. तिसरं, नाव भाव करताना म्हणून बघा: "काय भावानं दिलं?" याच्या पुढंमागं जे बसत नाही ते बाजारात टिकणार नाही. आणि चौथं, शिवी-म्हणीत घालून बघा. आपल्याकडं लोखंडाचे चणे आहेत, सोन्याहून पिवळं आहे, परीस आहे. तुमच्या जगात शंभर वर्षं हा पदार्थ असेल तर त्याची एक तरी म्हण झालेली पाहिजे, आणि ती कौतुकाची नसून हट्टी सासऱ्याबद्दल असण्याची शक्यता जास्त.

शेजारच्या भाषा विसरू नका. पोलाद फारसीतून आलं. जतच्या बाजूला जा, अर्धं गाव कन्नड बोलतं, कन्नडमध्ये पोलादाला उक्कू म्हणतात आणि युरोपात गाजलेलं वुट्झ पोलाद हे नाव त्या उक्कूवरूनच गेलं असं मानतात. माल इथला, नाव तिकडं जाऊन बिघडलं. तुमच्या पदार्थाचं नाव पण असं दोन-तीन तोंडांतून बिघडून आलेलं असू दे, लगेच खरं वाटतं.

एवढं सगळं मी वहीत लिहून मामाकडं गेलो, अदम, अदमाचं दार, अदमाची चौकट, असं सगळं ऐकवलं. मामा म्हणाला, "कागदावर काय बी लिव्हा, शॉपमध्ये पोरं त्याला हट्टीच म्हणणार." का? तर म्हणे ऐकत नाही म्हणून. 'हट्टीची पट्टी दे', 'आज हट्टी ओतायचीय, डबे लवकर उघडा'. मी तिथल्या तिथं नाव बदललं. अहवालात अदम, कामगारांच्या तोंडी हट्टी, आणि कथेत साहेब कोण आणि कामगार कोण हे नुसत्या त्या शब्दावरून कळायला लागलं, वेगळं सांगायची गरज राहिली नाही. नपुंसकलिंगाचा माझा नियम पोरांनी मोडला ते बरंच झालं.

मग कथा पाचव्यांदा लिहिली. आता दार ओतीव आहे, बिजागरीची भोकं साच्यातच धरलेली, आणि त्यातलं खालचं भोक २ मिलिमीटरनं चुकलंय. सही करणारा माणूस चुकला ते कुणाला सांगत नाही, दार बसतं पण थोडं कलतं, दर वेळी उघडताना कुरकुरतं, आणि तिजोरीच्या मालकाला ती कुरकुर ऐकू येत नाही कारण तो आयुष्यात कधी लेथजवळ उभा राहिलेला नाही. गेल्या रविवारी परत भडंग, परत मामा. या वेळी शेवटपर्यंत नीट ऐकलं त्यानं, मध्ये दोनदा हसला पण. मग म्हणाला, "आता दार बरोबर हाय. पिन कशाची घातलीस?"

पिनेचा मी विचारच केला नव्हता. हट्टीला हट्टी घासून चालेल का हे मलाच माहीत नव्हतं, म्हणून म्हटलं साध्या एमएसची, म्हणजे माइल्ड स्टीलची असेल, झिजली की दर दिवाळीला बदलायची.

"मग चोर दाराकडं कशाला बघंल," मामा म्हणाला, "कुरकुरायला लागलं की समजायचं, खालची पिन झिजलीय. हॅक्सॉ घेऊन यायचा."

सहाव्यांदा लिहायला बसलोय.